आक्काबाईंचं पान आणि सोनबा वैद्यांची कढई

तारीख ११ डिसेंबर १९५४, शनिवार. पहाटे दाट दहिवर पडलं, छपराच्या कडेने ठिबकत होतं. उन्हं वर आल्यावर हवा कोरडी. वारा नाही.

मी एक लोखंडी कढई. जन्म भोरचा, काम मार्गासनीचं आणि सध्या मुक्काम पासलीत, रखमाजींच्या पडवीत, खुंटीवर. आजवर माणसांचं पाहिलं आणि गप्प राहिले. परवा जे झालं, त्यानंतर गप्प राहवत नाही.

भोर संस्थान विलीन झालं त्या साली तिथल्या लोहाराने मला घडवलं. बूड जाड ठेवलं. बाजारात बायका मला उचलत आणि "लई जड हाय गं" म्हणून खाली ठेवत. मार्गासनीच्या सोनबा वैद्यांनी मात्र बुडावर टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हीच पायजे. हिला घाई न्हाई."

तेव्हापासून माझ्यात भजी तळली गेली नाहीत की पिठलं रटरटलं नाही. फक्त औषधं. त्यांतलं सगळ्यांत नाजूक काम भांगेच्या पानांचं. सोनबा ती धुऊन सावलीत वाळवत, मग गोवरीच्या निखाऱ्यांवर मला ठेवून लाकडी उलथन्याने हलकेच फिरवत बसत. जाळ नाही, फुंकणी नाही. हिरवा कच्चा वास जाऊन भाजल्या तिळासारखा वास सुटला की मला खाली उतरवत आणि मग तूप. "कच्चं हाय तवर निस्ता पाला," ते म्हणत. "ऊब लागली की त्यो जागा हुतो. जागा झाला की चिमटीनं द्यायचा."

एवढी साधी गोष्ट. पण समोर बसलेल्या माणसाला दम म्हणून नसे. "आवं वैद्यबुवा, जरा जाळ वाढवा की!" जाळ वाढवला की पान करपतं, करपलं की कामातून जातं, आणि नाव वैद्याचं खराब होतं. मी हे किती वेळा ऐकलं असेल!

दिवाळीनंतर पासलीचे रखमाजी आले. त्यांची आई, आक्काबाई, भात झोडपताना खळ्यावर पडल्या होत्या. कंबर धरली होती, डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरात नातीचं, म्हणजे रखमाजींच्या लेकीचं, बयाचं, लग्न ठरलेलं. बया तान्ही असताना तिची आई गेली. आक्काबाईंनीच तिला वाढवलं.

सोनबा लेकीकडे कामथडीला निघाले होते. भाजलेलं पान साठवून देणं त्यांना पटत नसे. म्हणून त्यांनी वाळल्या पानांची पुडी दिली आणि सोबत मला. "रोज ताजं भाज. दोन बोटांची चिमूट. ध्यानात ठेव."

पासलीत आक्काबाईंनी मला पाहिलं आणि उठवत नसताना उठून बसल्या.

"शंकराच्या पिंडीवर वाहायचं पान, आन् इस्तवावर भाजतूस?"

"आये, वैद्यबुवांनी सांगितलंय."

"त्येस्नी म्हनावं, आदी बेल भाजून दावा. मंग बगू."

झालं. पान कच्चंच वाटून दुधातून गेलं. चिमूट घेतली, झोप नाही. चिमटीचा चमचा झाला, चमच्याची मूठ झाली. आक्काबाई कण्हत म्हणायच्या, "पाला खाऊन म्हस झाले मी, पर डोळा काय लागंना." आणि मी खुंटीवर! औषध समोर, निखारे समोर, भांडं समोर, आणि कुणी ही तीन एकत्र आणेल तर शपथ. उलट माझ्यात लग्नाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजल्या. नंतर कोंबड्यांना पाणी ठेवलं. सोनबांनी पाहिलं असतं तर जेवले नसते.

बुधवारी हळद लागली. आक्काबाईंना उठून नातीला हळद लावता आली नाही. बयाच त्यांच्या अंथरुणाशी जाऊन बसली.

"आज्जे, अंतरपाटाच्या येळंला माज्या मागं तूच हुबी ऱ्हायाचं."

"व्हय गं बाय. त्येवड्यासाटीच तर ऱ्हायलीया मी. भिताडाला धरून का हुईना, हुबी ऱ्हातीच."

रखमाजींनी ते दारातून ऐकलं. गुरुवारी दुपारी, मांडवात गडबड असताना, त्यांनी मला घासून गोठ्यामागे नेलं. गोवरीचे निखारे केले. आणि काय सांगू, खोबऱ्याचा कीस परतावा इतक्या मायेने त्यांनी ते पान भाजलं! फुंकर नाही, घाई नाही. तिळाचा वास सुटला. पासलीत पहिल्यांदाच माझं मन भरून आलं.

मग मला दिसलं, की माझ्यात पान मूठभर आहे.

"आयेला मूठ लागती," रखमाजी स्वतःशीच पुटपुटले आणि वरून तूप सोडलं. अहो, ती मूठ कच्च्या पानाची होती! होतं नव्हतं तेवढं बळ लावून मी चरचरले. रखमाजी म्हणाले, "तूप झ्याक तापलं." त्यात गूळ घालून लाडू वळला आणि लग्नाचा प्रसाद म्हणून आईच्या हातावर ठेवला.

आक्काबाईंनी तो चाटूनपुसून खाल्ला. उन्हं कलली तशी त्या हसायला लागल्या. उशाशी ठेवलेल्या तांब्याला म्हणाल्या, "इहीनबाई, अशा कोपऱ्यात का बसलाव? फुडं या, कुकू लावते." तांब्याला कुंकू लावलं. मग आडव्या झाल्या.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. रखमाजी आईचे खांदे हलवत होते. "आये, ऊठ. आगं, बया थांबलीया!" बोहल्याजवळ बया मान वळवून दाराकडेच बघत होती. भटजी तिसऱ्यांदा ओरडले, "मुहूर्त टळतोय, मुलीला उभी करा!"

आता माझ्या बुडाला मिरचीचा तिखट वास बसला आहे आणि एक कान सैल झाला आहे. त्याचं काही नाही. एवढंच म्हणणं आहे, की पान शंकराचं मानून कच्चं खायचं असेल तर खुशाल खा. पण एकदा निखाऱ्यावर धरलंत, तर आधीचं माप विसरा आणि पुन्हा चिमटीपासून सुरुवात करा. आणि मला मार्गासनीला पोचवा.

लग्न गुरुवारी गोरज मुहूर्तावर लागलं. बयाच्या मागे शेजारची फुलाबाई उभी राहिली. शुक्रवारी उजाडताच बयाची बैलगाडी सासरी निघाली. आक्काबाई शुक्रवारी दुपारी जाग्या झाल्या. कंबर दुखत नव्हती.