एका वेलीला एक खरबूज

धाकटीनं थोरल्या जावेवर दात धरला, त्याला कारण एक खरबूज. हसायचं असेल तर हसा, पण आधी ऐकून घ्या.

दोघींची घरं एका भिंतीला लागून, मागच्या अंगणात मध्ये गुडघाभर कुंपण. गेल्या उन्हाळ्यात धाकटीचे वडील तिच्या पुढच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. जेवणावरची वासनाच उडालेली. एकदा मात्र आपणहून म्हणाले, "खरबूज खावंसं वाटतं गं. वेलीवर पिकलेलं." त्या थंड मुलखातला उन्हाळा येतो न येतो तोच निघतो, आणि बाजारातली खरबुजं कच्चीच तोडून आलेली. म्हणून धाकटीनं वेल लावली, तळहातावरच्या फोडासारखी जपली. एकच फळ धरलं. ते पिकायला आठवडा उरला असताना ती कामावर गेली, आणि थोरलीकडे पाहुणे आले. थोरलीनं खुशाल कुंपण ओलांडून फळ तोडलं, पाहुण्यांना कापून दिलं, उरलेलं ताटलीत घालून आणलं. वर उपकार केल्यासारखं म्हणाली, "थंडीत गेलंच असतं. मी होते म्हणून वाचलं बघ."

वडिलांनी ती काकडीसारखी फोड बराच वेळ चघळली. लेकीकडे बघून म्हणाले, "छान आहे." हिवाळ्यात ते गेले. ते "छान आहे" धाकटीच्या कानातून काही गेलं नाही.

यंदा थंडी ओसरायच्या आतच थोरली दारात उभी. "मलाही शिकव गं खरबूज लावायला. उन्हाळा संपता संपता आमची आई येणारेय. माझ्या हातचं खायला घालीन असा शब्द दिलाय तिला."

धाकटी गोड हसली. तिनं शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. बाहेर गारठा असताना कागदी पेल्यांत बिया रुजवून ते पेले पाणी तापवायच्या टाकीवर उबेला ठेवायला लावले. माती तापावी म्हणून वाफ्यावर काळं प्लॅस्टिक अंथरून दिलं. ती धुलाईच्या दुकानात कामाला होती. तिथून इस्त्रीच्या कपड्यांवरचं पातळ प्लॅस्टिक आणून रोपांवर पांघरलं, आणि फुलं येताच मधमाशांना वाट हवी म्हणून स्वतः काढलं. कशातही खोट नव्हती. एकच गोष्ट तिनं पोटात ठेवली. एवढ्याशा उन्हाळ्यात वेलीला एकच फळ पोसतं. बाकीची लिंबाएवढी असतानाच खुडायची, नाहीतर सगळी वाढतात आणि एकही पिकत नाही.

स्वतःच्या वेलीवरची फळं धाकटीनं सकाळी कुणी उठायच्या आत खुडली. थोरलीची वेल मात्र फळांनी नुसती लगडली.

"तुझ्या वेलीला एकच?" थोरलीनं कुंपणावरून विचारलं. "तुझ्या हाताला गुण नाही वाटतं."

"तुमच्या हाताला यश आहे, वहिनी," धाकटी म्हणाली.

एकदा तिलाही कसंसं झालं. फळाला खालून ओल लागू नये म्हणून थोरली एकेकाखाली जुन्या बश्या सरकवत होती, अगदी हळू, झोपलेल्या बाळाची उशी सारखी करावी तशी. सांगून टाकावं, असं ओठांपर्यंत आलं. मग ती घरात आली, पुढच्या खोलीतली उघडी खाट दिसली, आणि ओठ मिटले.

थोरलीची आई आली आणि मागोमाग थंडी. आता थांबायची सोय नव्हती. थोरलीनं त्यातल्या त्यात मोठं फळ अंगणातच कापलं. धाकटी दोरीवरचे कपडे काढत होती. एकाच सदऱ्याची तिनं दोनदा घडी घातली. म्हातारी बराच वेळ चघळत राहिली. मग लेकीकडे बघून म्हणाली, "छान आहे."

थोरलीचा चेहरा पडला. धाकटीला हवं ते मिळालं, पण तेवढ्यानं तिचं भागलं नाही.

तिचं खरबूज त्या सकाळी हात लावताच देठापासून आपसूक सुटलं होतं. घरभर वास कोंदला होता. तिनं ते कापलं, ताटली भरली आणि कुंपण ओलांडून सरळ म्हातारीच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं खाल्लं. रस हनुवटीवरून ओघळला, तिनं पुसलासुद्धा नाही. ताटली रिकामी झाली तेव्हा ती धाकटीला म्हणाली, लेकीला नव्हे, "अजून आहे का गं, बाळ?"

धाकटी आणायला गेली, तशी थोरली तिच्या मागे स्वयंपाकघरात आली.

"एकच ठेवायचं असतं. माहीत होतं तुला."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"वडिलांचं तोडताना तुम्ही विचारलंत मला?"

धाकटीनं म्हातारीसाठी फोडी भरून ताटली थोरलीच्या हातात दिली. ओट्यावर एक फोड उरली. थोरलीनं चव घेतली नव्हती अजून; तिची नजर तिथे गेली.

"ती कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

थोरली ताटली घेऊन गेली. धाकटीनं ती फोड ओट्याशी उभ्यानंच खाल्ली, सालीपर्यंत.

"छान आहे," ती म्हणाली, भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. या खेपेला ते खरं होतं.