कोऱ्या चहाची चव

चष्मेवाल्याला सुट्ट्या पानांच्या चिनी चहाचा नाद लागला तो एका गिऱ्हाइकामुळे. चष्मा मनासारखा झाला म्हणून त्या गृहस्थाने गोळ्यांसारख्या वळलेल्या पानांची पुडी भेट दिली आणि बघता बघता स्वयंपाकघरातला एक कप्पा डब्यांनी भरला. दूध नाही, साखर नाही. झाकणाच्या छोट्या कपात चिमूटभर पानं टाकायची, पहिल्या पाण्याने ती धुऊन घ्यायची, मग त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून दर वेळची निराळी चव चाखायची. रविवारी दुपारी हा सोहळा चाले. बायको पडदे शिवायची. ती मशीन थांबवून, टाचण्यांची उशी मनगटावर तशीच ठेवून समोर येऊन बसे.

सुरुवातीला तिलाही मजा वाटे. पण नवऱ्याचा मास्तर झाला. कप असा धरू नको, आधी वास घे, घाई कसली! एकदा तिचा भाऊ आला होता. भाजलेल्या पानांचा चहा त्या दिवशी फक्कड उतरला होता. कसा लागतो, असं विचारल्यावर तिने डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाली, "इस्त्रीखालच्या दमट सुती कापडासारखा."

"घ्या! हिच्या जिभेलासुद्धा शिवणकामच सुचतं," असं म्हणून त्याने मेहुण्याला टाळी दिली. दोघं पोट धरून हसले. तीही थोडी हसली. त्यानंतर कुठलाही चहा पुढे केला तरी ती एवढंच म्हणे, "छान आहे."

खरं तर याच माणसाचं पोट गिऱ्हाइकाच्या शब्दावर चालायचं. भिंगं बदलत तो विचारी, आता नीट दिसतं की मघाशी? समोरचा सांगेल ते प्रमाण. दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरून बघता येत नाही, एवढी अक्कल त्याला दुकानात होती. घरी येताना ती बहुधा शटरच्या आतच राहायची.

पुढे त्याला तापाने गाठलं. ताप उतरला, पण जाताना त्याची वासाची जाण घेऊन गेला. आणि वास गेला तिथे चव कसली! डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाही तर नाहीही. वाट बघण्यात वर्ष सरलं. तरी रविवारी तो पाणी उकळायचा. पानं हळूहळू उलगडताना बघायचा, आणि तोंडात यायचं ते नुसतं गरम पाणी.

आता तो तिच्या तोंडाकडे बघू लागला. कसा लागतो, सांग ना. ती म्हणायची, छान आहे. म्हणजे कसा? तर म्हणायची, मला कुठे कळतं त्यातलं. बोलण्यात टोमणा नसायचा, हेच त्याला जास्त लागायचं.

एका रविवारी त्याला राहवलं नाही. "त्या दिवशी मी तुझ्या भावासमोर हसलो. पण तू बरोबर होतीस. नंतर तू पडद्यांना इस्त्री करत होतीस, तेव्हा माझ्या लक्षात आलं. अगदी तोच वास."

"माहीत आहे मला," ती शांतपणे म्हणाली. "हातात कप घेऊन इस्त्रीच्या टेबलापाशी उभे होतात. एकदा कप हुंगत होतात, एकदा कापड. वाटलं, आता बोलाल. बरेच दिवस वाट बघितली."

त्याला मान वर करवेना. मग तो हळूच म्हणाला, "आता सांगशील?"

तिने मनापासून प्रयत्न केला. घोट जिभेवर घोळवला, पुन्हा एक घेतला. मग कप खाली ठेवला. "नाही हो जमत. चहासारखा लागतो, बस्स. आणि खरं सांगू? मला दूध घालून हवाय."

पूर्वी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो मुकाट्याने उठला, दूध तापवलं, इतकी वर्षं जपलेल्या त्या चहात ओतलं आणि साखर किती, असं विचारलं. ती म्हणाली, दोन चमचे. चहा पिऊन ती उठली. संध्याकाळी पडदे द्यायचे होते. मशीन पुन्हा खडखडू लागलं.

त्याने तिचा रिकामा कप उचलून नाकाशी नेला. दुधाचा नाही, चहाचा नाही, कसलाच वास नाही. मग कप विसळून त्याने पालथा घातला.