गुंडावरचं नाव

सरिताने परातीचा काठ फिरत्या पट्ट्याला टेकवला आणि स्वतःचं नाव घासायला घेतलं. आधी ‘सौ.’ गेलं, मग ‘सरिता’, मग ‘मनिष’, शेवटी ‘मेश्राम’. काठ थोडा तापला, ओढणीवर पिवळी भुकटी बसली, संपलं. नाव घालायला कारागिराने अर्धी दुपार खाल्ली होती. काढायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

भंडाऱ्यात पितळी भांड्यांना तोटा नाही आणि तिच्या वडिलांच्या, यादोरावांच्या शेडला कामाचा तोटा नाही. शेड घराच्या मागेच. दारालगत पट्ट्याचं ग्राइंडर, खोल ओरखडे आणि अक्षरं काढायला. पलीकडे सुती चाकाचं बफिंग मशीन, चमक आणायला. खुंटीवर पेन्सिल ग्राइंडर. मोठ्या मशीनचं तोंड जात नाही तिथे ते पेनासारखं धरून चालवायचं. त्याच खुंटीला कागदी चिकटपट्टीचं रीळ लटकत असे. ते सरिताच्या चुकीमुळे आलं होतं. पवनीचं सासर सोडून माहेरी परतल्यावर, पहिल्याच आठवड्यात तिने गिऱ्हाइकाच्या लोट्यावरची वेलबुट्टी पार सपाट करून टाकली होती. यादोराव ओरडले नाहीत. बाजारात जाऊन रीळ घेऊन आले.

“जे राखाचं हाय, त्याच्यावर आधी पट्टी लावाची. मंगच मशीन.”

त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. सरिताचा हात बसला, बफिंगचं काम आपसूक तिच्याकडे आलं. सोडचिठ्ठीचा कागदही हातात पडला. तरी पाहुणे आले की तिची आई, शकुनबाई, दारातूनच सांगून टाकत, “सध्या इथंच आहे ते.” हे ‘सध्या’ सरिताच्या मनाला फार लागे. आपण या घरातल्या आहोत की एसटीची वाट पाहत बसलेल्या, हे तिला एकदा कळायला हवं होतं. विचारायची मात्र हिंमत होत नव्हती. उत्तर नको ते आलं तर जायचं कुठे?

धाकट्या रीनाचं लग्न ठरलं आणि आंदणाच्या भांड्यांचा विषय निघाला. शकुनबाईंनी चुलीपाशीच तो निकालात काढला होता.

“सरिताची भांडी पोत्यात पडून हायत. नवी कायले घ्याची? नावं घासा अन् देऊन टाका रीनाले.”

यादोराव खाली मान घालून जेवत राहिले. सरिताला कोणी विचारलं नाही. भांड्यांचा लोभ तिला नव्हताच. पण या घरात तिचं नाव तेवढ्या भांड्यांवरच होतं, आणि ते तिनेच पुसायचं होतं. वाईट वाटलं, तसं ती पट्ट्याचं बटण दाबून मोकळी झाली.

परातीमागून ताटं झाली, गंगाळ झालं. शेवटचा, पाणी भरायचा मोठा गुंड घ्यायला ती वळली, तर तो पोत्यात नव्हता. यादोरावांनी तो आपल्या पाटापुढे घेतला होता. मांडीवर आडवा धरून ते त्याच्या गळ्याखालची ओळ अंगठ्याने चाचपत होते. लग्नाआधी ती ओळ त्यांनी कारागिराला तोंडी सांगितली होती. वाचता त्यांना येत नव्हतं.

“द्या बाबा, मी करतो,” सरिता म्हणाली.

“राहू दे. इकडं ये.”

ती जवळ बसली.

“याच्यात तुहं नाव कोणतं?”

“सारंच माहं आहे.”

“सारं नोको. नुसतं तुहं दाखव.”

तिने ‘सरिता’वर बोट ठेवलं. मग उचललं. आधी हेच घासायचं असेल, तर घासू द्यावं. तिने बफच्या चाकाकडे तोंड फिरवलं. स्वयंपाकघरातून शकुनबाईंची हाक आली.

“झाली का जी भांडी?”

“झाली,” यादोराव तिथूनच म्हणाले. “गुंड द्याचा नाई. रीनाले नवा घेऊ.”

“काहून?”

आत एक झाकण जरा जोरात आदळलं.

फर्रकन काहीतरी फाटल्याचा आवाज आला. सरिताने वळून पाहिलं. यादोरावांनी दातांनी चिकटपट्टीचा तुकडा तोडला होता. जिथे तिचं बोट होतं तिथे तो चिकटवून ते अंगठ्याने दाबत होते. दुसऱ्या हातात पेन्सिल ग्राइंडर तयार होतं.

ती पाहतच राहिली. डोळे भरून आले, ते तिने ओढणीच्या टोकाने पुसले आणि भुकटी आणखीच डोळ्यांत गेली.

“डोळे काहून चोळतं? सांग, आता चालवू का?”

सरिता गुंडावर वाकली. तुकडा किंचित डावीकडे सरकला होता.

“थांबा बाबा. ‘ता’ बाहेर राहिला.”

त्यांनी पट्टी सोलून काढली आणि गुंड तिच्यापुढे सरकवला.

“मंग तूच लाव.”

तिने नवा तुकडा तोडला, अक्षरांवर नीट बसवला, कडा नखाने घट्ट केल्या. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“आता चालवा,” ती म्हणाली आणि तिने गुंड दोन्ही हातांनी धरून ठेवला.