फाटकाजवळचा बाक

मित्रांनो, मी लाकडाचा एक बाक आहे आणि सध्या मी रागात आहे. जुन्या वस्तूंनी रागावू नये म्हणतात. तुम्ही आधी माझी हकिकत ऐका.

भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात बाबुराव सुतारांनी मला सागवानातून घडवलं. लहान मुलांना लागू नये म्हणून त्यांनी माझ्या कडा घासून गोल केल्या. तिथून हातगाडीवर बसून मी जवळच्याच एका छोट्या मराठी चर्चमध्ये आलो. माझ्यावर बसून लोकांनी लग्नं पाहिली, बाप्तिस्मे पाहिले, मयतीला डोळे पुसले. "काय मजबूत बाक आहे हो," असं पाहुणे म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

शिवणवर्ग चालवणाऱ्या वेणूबाई दर रविवारी माझ्यावरच बसायच्या. त्यांचा सुजित आधी त्यांच्या मांडीवर असायचा, मग शेजारी, आणि मोठा झाल्यावर गायनमंडळातल्या पोरांबरोबर. एका रविवारी त्याने हळूच मोबाइल काढून मित्रांना स्वतःचा फोटो दाखवला. फोटोत त्याच्या हातात गावठी कट्टा होता. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचं लक्ष गेलं. उपासनेत मोबाइल चालणार नाही, असं त्यांनी सुनावलं. मोबाइलमध्ये काय आहे, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी फाटकाबाहेर मोठा आवाज झाला. आतल्या लोकांना वाटलं, कुणीतरी उरलेला फटाका लावला. सुजितचं पलीकडच्या गल्लीतल्या मुलांशी वैर होतं. त्याने त्यांच्यावर गोळी झाडली आणि ती लागली अयानला. अयानचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. तो क्लासहून घरी चालला होता. घर चर्चच्या फाटकासमोरच होतं. त्याची आई मेहनाज गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, तिच्या डोळ्यांदेखत तो पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सुजितला पोलिसांनी पकडून नेलं.

मग चर्चने मेणबत्त्या लावल्या. शांतीचा फ्लेक्स लागला, त्याच्यापुढे फोटो निघाले. क्षमेवर सुंदर प्रवचन झालं. समोरच्या घराचा जिना मात्र कुणी चढलं नाही. त्या रविवारी वेणूबाई नेहमीसारख्या माझ्यावर येऊन बसल्या आणि त्यांच्या शेजारचे लोक एकेक करून दुसरीकडे सरकले. चर्च भरलेलं, आणि माझ्यावर एकटी ती बाई. मित्रांनो, इतकी चीड मला जन्मात आली नव्हती.

उपासनेनंतर सभा झाली. हे काम पोलिसांचं आहे, उगाच आपलं नाव पुढे येईल, विषय पुढच्या सभेत घेऊ, असं कमिटीने ठरवत आणलं होतं. तेव्हा एस्तेर रणपिसे उठल्या. त्या निवृत्त परिचारिका. सुजितच्या मोबाइलमधल्या कट्ट्याच्या फोटोची गोष्ट एव्हाना त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "तो फोटो कुणाकुणाला माहीत होता?"

मग गायनमंडळातल्या एका मुलीने मान खाली घालून सांगितलं, "आम्हा सगळ्यांना. पण सांगायचं कुणाला? पोलिसांत गेलो असतो, तर वस्तीत राहता आलं नसतं."

एस्तेरबाई वेणूबाईंशेजारी येऊन बसल्या. त्यांनी कमिटीला सांगितलं की हा बाक फाटकाजवळ न्या, मी रोज संध्याकाळी तिथे बसेन, ज्याला मन मोकळं करायचं आहे त्याने यावं. उन्हापावसात बाक खराब होईल, अशी कुणीतरी काळजी केली.

"होऊ दे," एस्तेरबाई म्हणाल्या. "पोरांपेक्षा बाक महाग नाही."

मी बाहेर आलो. कितीतरी दिवस कुणी फिरकलं नाही. कमिटीतले एक गृहस्थ जाता-येता विचारायचे, "काय एस्तेरबाई, आज किती पिस्तुलं जमा झाली?" त्या बाजूला सरकून त्यांना बसायला जागा करायच्या. वेणूबाई रोज त्यांच्याजवळ येऊन बसायच्या. पाळकसाहेब आधी दारातून नुसते बघायचे. एस्तेरबाईंनी त्यांना मेहनाजकडे जायला सांगितलं. पहिल्यांदा तिने दार उघडलं नाही. ते पुन्हा गेले, पुन्हा गेले.

शेवटी एका संध्याकाळी मेहनाज स्वतःच खाली उतरली. तिला पाहून वेणूबाई उठायला लागल्या.

"बसा," मेहनाज म्हणाली. "मी भांडायला नाही आले."

ती माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघींमध्ये एस्तेरबाई. मग मेहनाज म्हणाली, "माझा अयान कसा गेला, ते सगळे विचारतात. कसा होता, ते कुणी विचारत नाही."

"सांगा ना," वेणूबाई म्हणाल्या.

मेहनाज सांगत राहिली. अंधार पडला तरी तिघी उठल्या नाहीत.

ते अख्ख्या गल्लीने पाहिलं. त्यानंतर बायका यायला लागल्या. कुणी नुसती बसून जायची. एक जण मात्र कुजबुजत म्हणाली की माळ्यावर मुलाने टॉवेलात काहीतरी गुंडाळून ठेवलंय आणि हात लावू देत नाही. एस्तेरबाई आणि पाळकसाहेब तिच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. वस्तू सापडली, मुलालाही नेलं. परत येऊन ती बाई माझ्यावर कोसळली. मी आई असून पोटच्या पोराला धरून दिलं, म्हणत रडायला लागली.

वेणूबाईंनी तिचा हात हातात घेतला. "तुमच्या पोराने कुणाला मारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तो घरी येईल."

मित्रांनो, माझी पाठ उन्हाने तडकली आहे. त्याचं मला दुःख नाही. चीड याची येते की मी आधी आत होतो, लोकही आतच होते आणि बोलायला जागा नव्हती. तुमचं चर्च असो, मशीद असो, देऊळ असो, दारात एक बाक ठेवा. त्याच्यावर ऐकून घेणारं एक माणूस बसवा. मेणबत्त्या नंतर लावायला लागू नयेत, म्हणून ते आधी करा.