सायेबाचा खिळा

"आवं, पाय तेवढं दिसत्यात. जित्तं हाय न्हवं तुमी?" साळूबाईने गोठ्याच्या दारातून विचारले.

"हाय," गाडीखालून कुशाबा म्हणाला. "ब्रेक पुन्ना बसलाय."

पाय पुढच्या चाकांपाशी होते. आठ महिन्यांत ते मागच्या चाकांपाशी कुणी पाहिले नव्हते, आणि त्याला कारण होते.

गाडी लढाईतली अँब्युलन्स होती. लष्कराच्या लिलावातून तिला बैलांच्या दोन जोड्या लावून मुळशीच्या धरणावरच्या वाडीत ओढून आणले, तेव्हापासून गाडी गोठ्यात आणि गुरे बाहेर मांडवात होती. धरणाच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षे फिटर म्हणून काढलेल्या कुशाबाला इंजिनाची भीती नव्हती. बाकी सगळ्याची होती. विजेची, सापाची, तलाठ्याची, उताराची. आणि गाडीच्या मागच्या भागाची, कारण तिथे शिपाई झोपवायची लांब फळी होती. त्या फळीवर एखादा गोरा साहेब मेला असणार, आणि तो अजून उतरलेला नसणार, यावर वाडीचे एकमत होते. वाडीचे सहसा कशावर एकमत होत नसे.

तरी त्याने गाडी घेतली. दोन वर्षांपूर्वी लेकीला, सारजाला, झोळीत घालून पौडच्या दवाखान्यात नेताना बाळ वाटेतच गेले होते. आता तिला पुन्हा नववा लागला होता.

गेल्या अमावास्येपर्यंत ब्रेक ठीक होता. मग एका सकाळी पाय ठेवला तर तो थेट तळाला टेकला. कुशाबाने पुढचे सगळे तीनदा उघडले, तीनदा बसवले. मागे सारवलेल्या जमिनीवर रोज एक ओला डाग पडे. वाडी म्हणाली, रक्त. ते तेल आहे हे कुशाबाला पक्के ठाऊक होते. रक्त नाही, याची मात्र त्याला तितकी खात्री नव्हती.

"आबा," ओट्यावरून सारजाचा आवाज आला. "कळ आली."

कुशाबाने डोळे मिटले आणि पाठीवर सरपटत मागच्या चाकांपाशी गेला. डोळे उघडले तर नाकासमोर लोखंडी टोक होते. फळीखालच्या तळातून आरपार आलेला सहा इंची खिळा तेलाच्या नळीत घुसला होता. नळी चुकवायची म्हटली असती तर चारी बाजूंना हातभर जागा होती.

"हा खिळा कुनी ठोकला गं?"

"बहिरू भगतानं. आवसंला. तुमी पुन्याला सामान आनाया गेला व्हता तवा." साळूबाई अभिमानाने म्हणाली. "सायेबाला जागच्या जागी खिळून टाकलाय. लई तरास दिला म्हनं त्यानं. मराठी कळत न्हवतं त्येला."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"तुमी भ्याला असता."

हे खरे होते.

"काढावा लागंल त्यो."

"खिळा काढला तर मी बसायची न्हाई," सारजा भिंतीला धरून उभी होती. "आबा, त्या फळीवर मला निजायचंय. तुमाला न्हाई."

खिळा राहिला तर ब्रेक नाही, आणि पौडच्या वाटेवरचा देवराईचा उतार सरळ पाण्यात जातो. खिळा गेला तर सारजा नाही. कुशाबाने दोघींना गाठोडे बांधायला घरात पिटाळले. फळीला हात जोडले, पकडीने खिळा उपसला आणि डोळे मिटून घेतले. काही झाले नाही. त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली. मग करवतीने खिळा कापून माथ्यासकट बोटाच्या पेराएवढा तुकडा त्याच भोकात पुन्हा ठोकून दिला आणि नळी बदलली.

नळीतली हवा काढायला पायडलवर साळूबाईला बसवले.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

"सोडलं. कवापतूर?"

"हवा जाईस्तवर."

"कुनाची हवा?"

"दाब," कुशाबा म्हणाला.

निघताना साळूबाईने खिळ्याचा माथा चाचपला, त्याला कुंकू लावले आणि लेकीला निर्धास्त झोपवले. देवराईच्या उतारावर ब्रेक लागला. पुन्हा लागला. दोन कळांच्या मधे सारजाला डुलकीसुद्धा आली. गाडीत घाबरलेला माणूस एकच होता आणि गाडी तोच चालवत होता. मागे साहेब मोकळा आहे, हे फक्त त्याला ठाऊक होते. समोरचा आरसा त्याने छताकडे वळवून ठेवला होता. पौड येईपर्यंत त्याने एकदाही मान वळवली नाही.

दुपारी दवाखान्याच्या खिडकीतून बाळाचे रडणे आले. साळूबाई दारात येऊन म्हणाली, "पोरगी हाय. ब्येस हायेत दोघी," आणि आत पळाली.

कुशाबा आरशात न बघता मागे गेला. वर्कशॉपच्या दिवसांत साहेबांच्या मोटारीचे दार उघडायचे काम पुष्कळदा त्याच्याकडे येई. तसेच त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली, मागचे दार पूर्ण उघडले आणि बाजूला उभा राहिला.

"सायेब," तो हळू म्हणाला, "पौड आलं. उतरायचं आसंल तर उतरा."

दार त्याने बराच वेळ धरून ठेवले. जखमी, आजारी माणूस उतरायला वेळ घेते.