तात्सुची पहिली फुंकर

तात्सुमीच्या, म्हणजे तात्सुच्या, दम्याच्या वहीत सहा आठवडे रोज फुंकनळीचा एकच आकडा होता. सकाळी चारशे, संध्याकाळी चारशे. सायोको नर्सने कपाळावर हात मारला. माणसाची छाती म्हणजे काय स्टेशनातलं घड्याळ आहे?

दवाखान्यात आत तरुण डॉक्टर माशिमो सेन्सेई याच वह्या बघून औषध ठरवत होत्या. नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि ज्याचे आकडे चांगले, त्याचा डोस आज निम्मा होणार होता. तात्सुचा निम्मा झाला, तर या हिवाळ्यात त्याचं काही खरं नव्हतं.

सायोकोने त्याला बाकावरून उठवलं आणि शेजारच्या खोलीत नेलं. "खोटारड्या! हे आकडे फुंकले कुणी?"

"हळू बोल गं, सायो." तात्सुने न्हावीकाम करून सुरकुतलेले हात जोडले. "ती डॉक्टर पोरगी एवढी राबतेय. दर खेपेला कमरेत वाकून माझे आभार मानते. तिला तोंडावर कसं सांगू, की बाई, तुझं औषध मला लागू पडत नाही?"

"म्हणून मरणार होय? भीड भिकेची बहीण, समजलं? घे ही नळी. फुंक तीनदा."

पहिल्यांदा दोनशे साठ. मग दोनशे दहा. तिसऱ्यांदा एकशे सत्तर, आणि तो खोकत खाली बसला.

"लहानपणापासून हेच," तो धापा टाकत म्हणाला. "पहिली फुंकर काय ती जोराची. पुढे सगळा खडखडाट."

सायोकोला एकदम त्या दोघांची शाळा आठवली.

डोंगरातली ती दमेकरी मुलांची शाळा! कडाक्याच्या थंडीत उघड्या अंगाने रांगेत उभं राहायचं, कोरड्या टॉवेलने छाती लाल होईस्तोवर घासायची आणि ओरडून एक-दोन-तीन मोजायचं. काय दिवस होते ते! वर्षअखेरीला फुंकनळीची परीक्षा असायची. सुई दोनशेच्या पुढे गेली, तरच नववर्षाला घरी. पडद्याआड फुंकायचं आणि सुई थांबली तशी नळी बाईंना नेऊन दाखवायची. नऊ वर्षांच्या सायोची सुई दीडशेवर अडली आणि तिने भोकाड पसरलं. तेव्हा मागच्या नंबरचा तात्सु पडद्याखालून सरपटत आला आणि तिच्या नळीत फुंकून गेला.

ती घरी गेली, वडिलांच्या मांडीला मांडी लावून मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांचं, सूप प्यायली. वडिलांचं ते शेवटचं नववर्ष ठरलं. तात्सु मात्र शाळेतच राहिला. त्याची सुई एकशे ऐंशीवरच थांबली होती. पोराचं नशीबच फुटकं, असं ती पन्नास वर्षं समजत आली होती.

"तात्सु, त्या दिवशी तू पहिली फुंकर माझ्या नळीत घातलीस."

"नंबर तुझा आधी होता ना."

"आणि कधी बोलला नाहीस, मेल्या!"

"बोलायचं काय त्यात? येताना संत्री आणली होतीस की माझ्यासाठी. गोड होती."

सायोकोला रडू आवरेना. बाहीने डोळे पुसून तिने वही उचलली आणि तरातरा आत जाऊन सेन्सेईंच्या टेबलावर ठेवली.

"ही वही बाद करा, सेन्सेई. त्याचा डोस कमी करायचा नाही, वाढवायचा आहे. खरा आकडा दोनशे साठ, पहिल्या फुंकरीचा. माझ्यासमोर फुंकलाय, आणि या वेळी स्वतःसाठी."