सगळ्यांनाच असतं

बाळाला ऐकू येत नाही, हे ते आठ महिन्यांचं असताना पक्कं झालं. इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या कानाच्या डॉक्टरांनी बाळाच्या आईला, वेनिंगला विचारलं, "गरोदरपणी सायटोमेगॅलोव्हायरसची तपासणी केली होती?"

"केली होती. दोष निघाला, म्हणून तर घरातलं मांजर देऊन टाकलं."

"मांजराचा काय संबंध? मांजरापासून होतो तो टोक्सोप्लाझ्मा, तो वेगळा. हा विषाणू बहुतेक लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून येतो. इथल्या जवळजवळ प्रत्येक बाईला त्याचा संसर्ग कधीतरी होऊन गेलेला असतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण तुमच्या बाळाला लागण झालीय हे जन्मतःच कळलं असतं, तर कदाचित औषधाचा उपयोग झाला असता."

वेनिंग तडक सुमिनीकडे गेली. सुमिनी गावची सुईण, आणि तिची चुलतबहीण. तपासणीचा अर्थ तिनेच सांगितला होता.

"ताई, मांजराचा संबंध नाही हे तुला माहीत होतं?"

"अगं, माझ्याकडच्या सगळ्याच बायकांचं तसंच निघतं. कुणाकुणाला घाबरवू? तुझ्या सासूने मांजराचा धोशा लावला होता. म्हटलं, तेवढ्यावर भागतंय तर भागू दे."

"पोटुशी असताना थोरल्या मुलाच्या ताटातलं उष्टं मी तुझ्यासमोर खायचे. तू म्हणायचीस, संपव, ताटात टाकलेला भात रडतो म्हणतात."

"सगळ्याच आया खातात गं!"

"सगळ्या तुझ्या बहिणी नाहीत."

सुमिनीने बाळाला घ्यायला हात पुढे केले. वेनिंगने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती निघाली. सुमिनी मागून दोघांना हाका मारत राहिली. बाळाला त्या ऐकू आल्या नाहीत. वेनिंगला आल्या, पण ती थांबली नाही.